अंदाजाने लादी फोडायची नाही

माझं पाइप-नळांचं दुकान आहे, डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत. अठ्ठावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी जेवढे प्लंबर बघितले तेवढे नातेवाईकही बघितले नसतील. त्यातले निम्मे बडबडे आणि उरलेले ‘उद्या येतो’ म्हणून जे गेलेत ते अजून यायचे आहेत. माझा स्वभाव तापट आहे, हे गल्लीत कोणीही सांगेल. माझ्या तोंडून कोणाचं कौतुक सहसा बाहेर पडत नाही. म्हणून मीराबाई ओव्हाळचं जे सांगतोय ते जरा नीट ऐका.

अकरा वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा दुकानात आली. सलवार-कमीजवर पुरुषी शर्ट, पायात बूट, खांद्याला प्लंबरची कॅनव्हासची पिशवी. म्हणाली, “अर्ध्या इंचाचे चार एल्बो द्या, शेठ.”

मी विचारलं, “प्लंबर कुठाय? त्याला पाठव. बायकांना सांगितलं की चुकीचा माल नेतात आणि परत करायला येतात.”

“प्लंबर तुमच्यासमोर उभी आहे,” ती म्हणाली. “आणि परत करायला येणार नाही. मोजून आलेय.”

आली नाही. त्या दिवसापासून मी तिला माल देतोय आणि कामंही देतोय.

ती राहते आंबिवलीला, चाळीत. नवरा प्रफुल्ल प्लंबर होता. लग्नानंतर काही वर्षांनी ती त्याच्या हाताखाली जायला लागली, पाना दे, टेप दे, वर धर, खाली धर. सहा वर्षं बघून बघून सगळं काम शिकली. मग कल्याणला खडकपाड्याच्या एका बिल्डिंगच्या बाहेरचे पाइप बदलताना प्रफुल्ल तिसऱ्या मजल्यावरून पडला आणि गेला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माणसं जमली होती. त्यांच्यादेखत सासरा म्हणाला, “बाईमाणूस कामावर नेली, तिचा पायगुण नडला.” पुढच्या सोमवारी नवऱ्याची पिशवी खांद्याला अडकवून ती अर्धवट राहिलेलं तेच काम पुरं करायला गेली. मुलगी प्रियांका तेव्हा आठवीत होती. आज ती नर्स आहे.

मीराबाईचा एक नियम आहे. अंदाजाने लादी फोडायची नाही. बाथरूम गळायला लागलं की आमचे बाकीचे महारथी आधी छिन्नी काढतात. इथेच असणार, म्हणून एक लादी फोडतात. तिथे नसलं की शेजारची. मीराबाई मोरीत पाट मागते. मोठ्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक पाइपला लावते, मूठ कानाला लावते आणि बसून राहते. एकेक कॉक बंद करते, एकेक उघडते. जिथे तपासलं आणि काही सापडलं नाही तिथे खडूने छोटं गोल काढते. दोन तास, चार तास. सापडलं की एकच लादी काढते, तीही अख्खी. नाही सापडलं तर सरळ सांगते, “मला माहीत नाही.” अठ्ठावीस वर्षांत हे तीन शब्द मी दुसऱ्या कुठल्याही प्लंबरच्या तोंडून ऐकलेले नाहीत. मी स्वतःही ते कधी वापरत नाही.

या कान लावून बसण्याच्या सवयीमुळे तिच्याकडे एक विचित्र गिऱ्हाईक यायला लागलं. ठाण्याला एका घरात रोज कोणीतरी विव्हळायचं. मीराबाईने डक्टमधून कबुतराची दोन पिल्लं काढली. शीळफाट्याला नव्या टॉवरमध्ये भिंतीतून कोणीतरी टकटक करायचं. पंपाच्या पाइपची पट्टी सैल झाली होती. मी तिला चिडवायचो, “मीराबाई, पाटीवर लिहून घे, भुतं काढून मिळतील.” ती म्हणायची, “शेठ, आम्ही बाबासाहेबांची माणसं. भूत आमच्या सिलॅबसमध्येच नाही.”

गेल्या वर्षी मी तिला माझ्याच बहिणीच्या घरी बोलावलं.

माझी थोरली बहीण रखमाबाई, सगळ्यांची आक्का. आम्ही मूळचे कणकवलीकडचे. आक्का आणि भाओजी आयुष्यभर डोंबिवली पश्चिमेला चाळीत राहिले. एकवीस साली मी त्यांना माझ्या दुकानाच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन दिला. घेऊन दिला म्हणजे शोधला, भाव पाडला, कागद केले. विकणारा माझ्या ओळखीचा होता. आक्का म्हणाली, आधी वास्तुशांत करू. मी म्हणालो, “जुना फ्लॅट आहे, आधीच्यांनी केलेलीच असणार. तू दूध उतू घालव, शिरा कर, झालं.” तसंच झालं. दीड वर्षाने भाओजींना अर्धांगवायूचा झटका आला, ते पलंगाला खिळले आणि तेवीस साली गेले.

पंचवीसच्या फेब्रुवारीत भाचा सुदेशचं लग्न झालं. सून कल्पिता, खडवलीची. ठाण्याला एका लॅबमध्ये सकाळच्या पाळीला जाते, साडेतीनपर्यंत घरी येते. मोजकं बोलणारी आणि कामाची मुलगी. लग्नाला पंधरा दिवस झाले असतील, आक्का माझ्याकडे आली आणि म्हणाली, “परशा, घरात कोणीतरी खोबरं खवतंय.”

मी म्हणालो, “खवू दे की.”

“अरे, कोणी नसताना.”

मी हसण्यावारी नेलं. पुढच्या गुरुवारी दुपारी तिनेच मला चहाला बोलावलं. सुदेश त्या दिवशी घरूनच काम करत होता. आम्ही चौघं हॉलमध्ये बसलो होतो, आणि स्वयंपाकघरातून आवाज आला. खर्र, खर्र, खर्र. मध्ये थोडं थांबायचं, वाटी फिरवल्यासारखं, की परत खर्र खर्र. विळीवर बसून नारळ खवण्याचा आवाज. कोकणातल्या माणसाला तो झोपेतही कळतो. आक्काचा कप हातात तसाच राहिला. सुदेश उठून आत धावला. कल्पिता भिंतीला टेकून उभी राहिली. मी घड्याळाकडे बघितलं. चारला दहा मिनिटं कमी होती.

आत कोणी नव्हतं. मिक्सर आल्यापासून आक्काची विळी ओट्याखाली उभी करून ठेवलेली, पात्याला फडकं गुंडाळलेलं. त्या फडक्याची गाठसुद्धा जागची हललेली नव्हती.

मग रोज, चारला दहा कमी असताना, दोन मिनिटं.

भीती मनात बसली की तिला टेकायला जागा लागते. आक्काच्या भीतीला ती जागा आठवडाभरातच सापडली. आवाज कधी सुरू झाला? सून आल्यावर. कधी येतो? सून कामावरून घरी आल्यावर. मग आक्काला आठवलं की माप ओलांडताना कल्पिताने डावा पाय पुढे टाकला होता. लग्नाचा व्हिडिओ काढून तपासला. व्हिडिओवाल्याने नवरीचा चेहरा, दागिने, छताचं झुंबर सगळं घेतलं होतं, पाय तेवढे घेतले नव्हते. पण आक्काची खात्री व्हायला पुरावा लागत नाही, न सापडलेला पुरावा तिला जास्त पटतो.

एप्रिलमध्ये ठरलं की कल्पिताने ‘काही दिवस’ खडवलीला जावं. दरम्यान आक्का गावी जाऊन देवाला गाऱ्हाणं घालणार, कौल घेणार, मग बघू. आमच्याकडे ‘काही दिवस’ माहेरी गेलेल्या सुना मी बघितल्या आहेत. एकीचे काही दिवस आता सतरा वर्षांचे झालेत. सुदेश म्हणाला, “आईला बरं वाटत असेल तर जाऊ दे ना मामा, टेम्पररी आहे.” मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. पण मी फक्त म्हणालो, “आधी मीराबाईला बघू दे.” रविवारी कल्पिताचे वडील तिला न्यायला येणार होते. त्याच्या आधीच्या सोमवारी मी मीराबाईला फोन केला.

खरं सांगतो, मला मनापासून वाटत होतं की काहीतरी सापडावं. कबुतर, उंदीर, सैल पट्टी, काहीही.

ती रोज सव्वातीनला यायची. पहिल्या दिवशी तिने कशालाच हात लावला नाही. पाट घेऊन स्वयंपाकघरात बसली आणि आवाज ऐकला. बाहेर येऊन म्हणाली, “आवाज आहे. कोणाला भास होत नाहीये. आधी एवढं नक्की झालं.”

कल्पिता दारात उभी होती. तिने हळूच श्वास सोडला. दोन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी काहीतरी नक्की सांगत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने बिल्डिंगची मोटर बंद करवली, घरातले सगळे कॉक बंद केले, फ्रिजचं बटणही बंद केलं. आवाज आला. तिसऱ्या दिवशी पाणी बंदचा वार होता, अख्ख्या भागात नळाला थेंब नव्हता. आवाज आला. तिने वरच्या फ्लॅटची चौकशी केली. तो वर्षभर कुलूपबंद, मालक पुण्याला. खालच्या मजल्यावर एकटे वयस्कर गृहस्थ, दुपारी झोपलेले. ती गच्चीत गेली, डक्टमध्ये उतरली, कबुतरांची जाळी तपासली, विळी बाहेर काढून जिन्यात नेऊन ठेवली. आवाज आला. भिंतीवर खडूचे सात गोल झाले.

त्या दिवशी संध्याकाळी ती दुकानात चहाला थांबली. मी विचारलं, “मग? काय वाटतं?”

“माहीत नाही, शेठ.”

“असं कसं? काहीतरी असेलच ना!”

“असेल. मला सापडत नाहीये.” तिने चहा संपवला आणि मग जे तिने अकरा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. “आमच्या मोरीतला नळ रोज पहाटे दोनदा वाजतो. टण् टण्. प्रफुल्ल काम सुरू करायच्या आधी पाइपवर पाना दोनदा आपटायचा, तसा. तो गेल्यापासून. मी नळ बदलला, पाइप बदलला, भिंत सोडून नवीन लाइन बाहेरून घेतली. तरी वाजतो.”

“आणि तू म्हणतेस भूत नसतं!”

“नसतंच. मला कारण सापडलं नाही, एवढंच. मी उठते, चहा पिते, कामाला येते.” मग पिशवी उचलता उचलता म्हणाली, “कारण सापडलं नाही म्हणून कोणाच्या तरी माथी मारायचं, ते मला नाही जमणार. माझ्या माथी मारलेलं, तेव्हा ते केवढं जड असतं ते मला माहितीये.”

मला त्या दिवशी रात्रीचं जेवण गेलं नाही.

शुक्रवारी तिने कल्पिताला माझ्या दुपारच्या बंद दुकानात आणून बसवलं. चार वाजेपर्यंत तिथून हलायचं नाही, म्हणाली. कल्पिता गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसली. मीराबाई, आक्का आणि मी वर घरात. चारला दहा कमी. खर्र, खर्र.

मीराबाई आक्काकडे वळली. “ऐकलंत ना ताई? ती घरात नाही. आवाज आहे.”

मला वाटलं, सुटलो. आक्का म्हणाली, “स्वतः गेली, पण आपलं ठेवून गेली. बघितलंस परशा?”

मीराबाईचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. ती एवढंच म्हणाली, “म्हणजे घरात असली तरी तिची चूक आणि नसली तरी तिचीच. ताई, उद्या परत येते. उद्या सगळे घरी थांबा.”

शनिवारी सगळे होते. दाराजवळ कल्पिताची निळी बॅग भरून ठेवलेली होती. सुदेश मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता. आक्का पलंगावर. मीराबाई या वेळी स्वयंपाकघरात गेलीच नाही. तिने पाट हॉलच्या मध्ये मांडला आणि आक्कासमोर बसली.

“ताई, मी लिकेज शोधते तेव्हा विचारते, पाणी कधीपासून दिसायला लागलं? लोक सांगतात दिवाळीपासून. खरं तर दिवाळीला कपाट हलवलेलं असतं, ओल आधीपासूनच असते. म्हणून विचारते. लग्नाच्या आधी दुपारी चार वाजता तुम्ही कुठे असायचात?”

“मी? भजनी मंडळात. साडेतीन ते साडेपाच, गणपतीच्या देवळात. रोज.”

“आता जाता?”

“आता कशी जाऊ? नवी सून घरात.” आक्का जरा अडखळली. “म्हणजे, घर बघायला नको कोणी?”

“म्हणजे सून आली आणि त्याच दिवसापासून तुम्ही दुपारच्या घरी राहायला लागलात.”

सुदेशने मोबाइल खाली ठेवला. मला वाटतं, त्या क्षणी आक्काला सोडून सगळ्यांना समजलं होतं. आक्कालाही समजलं असावं, पण ती हार मानणाऱ्यातली नाही.

“रविवारी असायची की मी घरी!”

“रविवारी मटण खाऊन सगळे आडवे असायचो आपण,” सुदेश पुटपुटला. “आणि टीव्ही चालू.” लग्नानंतर तो पहिल्यांदा कामाचं काहीतरी बोलला.

“तरी हे नुसतं तुझं डोकं,” आक्का मीराबाईला म्हणाली. “आधी आवाज होता हे सांगणारं कोण आहे?”

“तेच विचारतेय,” मीराबाई म्हणाली. “लग्नाआधी या घरात दुपारी चारला जागं कोण असायचं?”

आक्का म्हणाली, “हे असायचे. पलंगावर. ते आता काय सांगणार?” आणि मग सहज, “यांच्यापाशी परशा बसायचा. दुकान दुपारचं बंद असतं ना, दोन ते पाच. मी मंडळात जायची तेव्हा रोज परशाच बसायचा.”

चौघांनी माझ्याकडे बघितलं.

आता ऐका. मी खोटं बोलू शकलो असतो. नाही, मी काही ऐकलं नाही, एवढे पाच शब्द. मीराबाई उठून गेली असती, रविवारी खडवलीहून कल्पिताचे वडील आले असते आणि ती निळी बॅग जिना उतरून गेली असती. मी तयारीही केली होती. तोंड उघडलं, आणि बॅगेच्या चेनला बांधलेला छोटा लाल दोरा दिसला. सामान हरवू नये म्हणून मुली बांधतात तसा. घरी परत आणायच्या बॅगेलाच माणूस खूण बांधतं.

“मी ऐकलाय,” मी म्हणालो. “अडीच वर्षांपूर्वी. रोज ऐकायचो.”

मग सगळं सांगितलं. भाओजींचं उजवं अंग गेलेलं, बोलणं जड झालेलं. पण चारला दहा कमी झाले की ते मान स्वयंपाकघराकडे वळवायचे आणि वाट बघायचे. आवाज आला की अर्ध्या चेहऱ्याने हसायचे. पहिल्या दिवशी मी घाबरून उठलो तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि म्हणाले, “बस रे. खोबरं खवतेय. आईसारखं.” आणि मग, “आक्काला सांगू नको. घाबरेल.” मी शब्द दिला. पाच महिने आम्ही दोघं पुरुष रोज दुपारी बसून तो आवाज ऐकत होतो. भाओजींना दिवसभरात त्या दोन मिनिटांइतकं बरं कशानेच वाटायचं नाही.

शब्द दिला होता, हे खरंच. पण लोकांना सांगताना माणूस आपलं चांगलं कारण पुढे करतो, तसं मी इथे करणार नाही. भाओजी गेल्यावर तो शब्द संपला होता. मी गप्प राहिलो कारण ते घर मी घेऊन दिलं होतं. वास्तुशांत नको, असं मीच म्हणालो होतो. आवाज आधीपासूनचा आहे हे बाहेर आलं की आक्का माझ्याकडे बोट दाखवणार, हे मला पक्कं माहीत होतं. ते बोट दोन महिने एका पंचवीस वर्षांच्या मुलीवर रोखलेलं होतं आणि मी खाली दुकानात बसून मीराबाईला कबुतर सापडायची वाट बघत होतो. लाज वाटते सांगायला. पण आहे ते असं आहे.

आक्का गावच्या बोलीत, जी ती फक्त फार चिडली की बोलते, म्हणाली, “इतकी वर्षां तुझ्या तोंडाक काय झाल्ला?”

मी मान खाली घातली.

“हे काय म्हणायचे?” तिने विचारलं.

“कधी?”

“आवाज यायचा तेव्हा. काय म्हणायचे हे?”

“खोबरं खवतेय. आईसारखं.”

“आणि हसायचे?”

“हो.”

तिने ते मला आणखी दोनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगत होतो तेव्हाच चारला दहा कमी झाले आणि आत खर्र खर्र सुरू झालं. कोणी हललं नाही. आक्काने पदर तोंडाला लावला आणि ती रडली. दोन वर्षांपूर्वी भाओजी गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती, तेव्हा तिला पाहुण्यांचं बघायचं होतं.

आवाज थांबला. मीराबाईने पाट उचलून भिंतीला लावला आणि म्हणाली, “आवाज आहे. कशाचा ते मला माहीत नाही. हिचा नाही, एवढं नक्की माहितीये.” तिने पिशवी खांद्याला अडकवली. जाता जाता कल्पिताच्या पाठीवर एकदा हात ठेवला आणि जिना उतरून गेली. सांत्वन करत राहणं तिच्या कामात बसत नाही.

आक्का उठली. आमच्या घराण्यात माफी मागायची पद्धत नाही. तिने निळी बॅग उचलली, सुदेशला “बघतोस काय, धर” म्हणून त्याच्या हातात कोंबली आणि माळ्यावर टाकायला लावली. मग कल्पिताला म्हणाली, “तुझ्या बाबांना फोन कर. उद्या जेवायलाच या म्हणावं. सोलकढी करू. नारळ मात्र तू खव, मिक्सरमधला रस मला चालत नाही.” दहा वर्षं ती मिक्सरमधलाच रस पीत होती. पण कल्पिताने जिन्यातून विळी आणली, फडक्याची गाठ सोडली आणि विळी धुवायला घेतली.

माझ्याशी आक्का दोन महिने बोलली नाही. मी त्याच लायकीचा होतो. वास्तुशांत करू का, असं सुदेशने तिला मध्ये विचारलं. ती म्हणाली, “कशाला? इतकी वर्षं खवतेय बिचारी, आता म्हातारपणी तिला कुठे घालवता?” भजनी मंडळ तिने पुन्हा सुरू केलं, पण आता ती चार वाजता, आवाज ऐकून मग निघते. उशीर होतो म्हणून मंडळातल्या बायका कुरकुरतात. भिंतीवरचे खडूचे सात गोल तिने अजून पुसलेले नाहीत.

मीराबाई परवा दुकानात आली होती, पाऊण इंचाचा व्हॉल्व्ह न्यायला. मी म्हणालो, “मीराबाई, तुझ्या अख्ख्या धंद्यात एकच काम अर्धवट राहिलं, आमच्याकडचं.” ती म्हणाली, “लादी फुटली नाही ना? मग काम झालं.”

एकच गोष्ट सांगायची राहिली. जूनमध्ये कल्पिता मोरीची जाळी न्यायला दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. मी जाळी कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणालो, “पोरी, मी आधी बोलायला हवं होतं. चुकलं माझं.” आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो असेन.

ती म्हणाली, “मला माहीत होतं, मामा.”

“काय माहीत होतं?”

“तुम्ही चहाला आलेलात ना, पहिल्यांदा आवाज आला तेव्हा. सगळ्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. तुम्ही घड्याळाकडे बघितलंत.”

माझे हात थांबले. “मग दोन महिने तू बोलली का नाहीस?”

“मी बोलले असते तर कोणी ऐकलं असतं?” तिने जाळी पिशवीत टाकली. “तुम्ही कधी बोलताय त्याची वाट बघत होते. बॅग भरली तेव्हासुद्धा.”